पेणकरपाड्यात ५-जी, मळ्यात बटणाचा फोन



गेल्या गळीत हंगामात आपल्या एका गटात घडलेली हकिगत आधी सांगतो. सभासदाचे नाव व गाव मुद्दाम देत नाही. त्यांचा दीड एकर आडसाली ऊस, ठिबकवरचा. डिसेंबरात तोडणीचा नंबर लागला. संगणकाने नियमाप्रमाणे आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता नोंदीतल्या मोबाइल नंबरवर निरोप पाठविला. तो नंबर होता त्यांच्या मुलाचा. मुलगा नोकरीनिमित्त पेणकरपाड्याला, म्हणजे मीरा रोडला राहतो. निरोप त्याला त्याच मिनिटाला मिळाला. त्याने लगेच वडिलांना फोन लावला. एकदा नाही, चार वेळा. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मग त्याने चुलतभावाच्या व्हॉट्सॲपवर निरोप टाकला आणि रात्रपाळीला गेला. चुलतभावाने तो दुसऱ्या दिवशी दहा वाजता पाहिला.

दरम्यान सकाळी साडेसहालाच टोळी फडावर हजर झाली होती. ठिबकच्या नळ्या गोळा केलेल्या नाहीत, बांधावर कोणी नाही. मुकादमाने अर्धा तास वाट पाहिली व टोळी पुढच्या नंबरला नेली. त्याचीही चूक म्हणता येत नाही. परत नंबर आला तो सतरा दिवसांनी. तोडणीसाठी म्हणून पाणी आधीच बंद केलेले. सतरा दिवस उभा ऊस वाळत राहिला. वजनात काय घट आली ते ज्याचे त्याला ठाऊक.

मी नंतर त्यांच्या वस्तीवर गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहेब, पोराला तिकडं समदं घरबसल्या कळतंय. मला माझ्या फडात टोळी आलेली कळंना." या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नोंदीच्या वेळी एकच नंबर घ्यायचा, आणि तो कुणाचा आहे, कुठे असतो हे विचारायचे नाही, ही पद्धत आमच्याच खात्याची.

पुढे फेब्रुवारीत मुंबईला जाणे झाले तेव्हा वाट वाकडी करून त्या मुलाला भेटून आलो. पेणकरपाडा म्हणजे दहिसर चेकनाका ओलांडला की लागणारी वस्ती. एका बाजूला हमरस्ता, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधल्या जागेत जुने गावठाण, चाळी, नव्या इमारती आणि छोट्या कारखान्यांचे गाळे एकमेकांना खेटून उभे. मीरा-भाईंदर २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ८ लाख ९ हजार भरली होती. जिल्हा ठाणे असला तरी टेलिफोनचा कोड ०२२, म्हणजे मुंबईचाच. आपल्या भागातली कितीतरी मुले तिथल्या गाळ्यांत आणि गोदामांत कामाला आहेत.

मुलाने गच्चीवर नेऊन दाखविले. समोरच्या इमारतीवर खांबाला लावलेले उभट पांढरे डबे, पलीकडच्या इमारतीवर तसेच, त्याच्या मागे आणखी. आपल्याकडे टॉवर म्हटले की माळावरचा दीडशे फुटी सांगाडा डोळ्यांपुढे येतो. तिथे तसे काही दिसत नाही. प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या गच्चीवर एक छोटा टॉवरच आहे म्हणा ना. आपल्या गट ऑफिसात ऊसनोंदीचा जो फोटो चढायला पाच-पाच मिनिटे लागतात, तो त्याच्या फोनवरून बोट उचलायच्या आत गेला. हे तिथे इतके सोपे आणि इथे इतके अवघड का, हे सभासदांना समजावे म्हणून हा लेख. कारण हल्ली गावोगाव "आमच्याकडे ५-जी कधी येणार" हीच चौकशी असते, आणि माझ्या मते ती थोडी चुकीच्या ठिकाणी लागली आहे.

५-जी म्हणजे मोबाइलच्या यंत्रणेची पाचवी पिढी. आपल्या भाषेत सांगायचे तर नवी जात. को ७४० जाऊन को ८६०३२ आली, मग फुले २६५ आली, तसेच हे. आणि जसे नवी जात आली म्हणून जुने बेणे एका हंगामात संपत नाही, तसेच इथेही जुन्या पिढ्या शेजारी-शेजारी चालू राहतात. देशात ५-जीची सुरुवात १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते झाली. त्याच महिन्यात एअरटेल व जिओ या दोन्ही कंपन्यांनी मुंबईत सेवा सुरू केली. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत नागपूरही होते. व्होडाफोन आयडियाने मुंबईत ५-जी सुरू करायला मार्च २०२५ उजाडले. सरकारी बीएसएनएलचे तर ४-जीच, स्वदेशी यंत्रणेवरचे, २७ सप्टेंबर २०२५ ला रीतसर सुरू झाले. देशातल्या जवळजवळ सर्व जिल्ह्यांत ५-जी पोहोचल्याचे सरकारने जाहीर केले आहे, आणि ते खरे आहे. पण जिल्ह्यात पाट आला म्हणजे प्रत्येकाच्या सरीला पाणी आले असे होत नाही, हे टेलच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता हे असे का होते ते पाहू. मोबाइलचा सगळा कारभार हवेतल्या लहरींवर चालतो. या लहरी सरकारच्या मालकीच्या. त्यांचा लिलाव होतो. २०२२ च्या जुलै-ऑगस्टात झालेल्या लिलावात सरकारला १ लाख ५० हजार १७३ कोटी रुपयांची बोली मिळाली. त्यात एकट्या जिओची ८८ हजार ७८ कोटींची व एअरटेलची ४३ हजार ८४ कोटींची. एवढी रक्कम ज्याने लावली तो ती वसूल कुठून करणार? जिथे एका चौरस किलोमीटरात हजारो फोन आहेत तिथूनच. पेणकरपाड्याच्या एका गच्चीवरच्या डब्याखाली जितके लोक राहतात तितके आपल्या दोन-तीन वाड्यांत मिळून नसतील. हा व्यापार आहे, त्यात राग धरण्यासारखे काही नाही. पण तो आपण ओळखून असले पाहिजे.

दुसरे कारण लहरींच्या जातीत आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. लहर जितकी आखूड तितका एका वेळी जास्त माल वाहून नेता येतो, कारण तिथे रस्ता रुंद मिळतो. पण ती लांब जात नाही आणि आडोसा आला की अडते. लहर लांब असेल तर माल कमी, पण पल्ला मोठा. ५-जीसाठी मुख्यतः वापरतात ती ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर मोजून नऊ सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच बोटे. २६ हजार मेगाहर्ट्झची जी लहर विकली गेली ती तर नखाएवढी, सव्वा सेंटिमीटरही नाही. याउलट ७०० मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ हातभर लांब. ती भिंतीतून आत शिरते आणि रानात लांबवर जाते. गंमत अशी, की खेड्याला सोयीचा हाच ७०० चा पट्टा २०१६ च्या आणि २०२१ च्या लिलावात महाग म्हणून कोणी घेतलाच नाही. २०२२ साली तो फक्त जिओने घेतला. एअरटेलने जुन्या ९०० वगैरे पट्ट्यांवर भिस्त ठेवली.

उसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. हिरव्या पानात पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. लहर जितकी आखूड तितके शोषण जास्त. म्हणून मे महिन्यात बांधावर उभे राहून फोन लागतो आणि सप्टेंबरात, ऊस डोक्याच्या वर गेला की, त्याच बांधावर लागत नाही. पुष्कळ सभासद मला म्हणतात की कंपनी पावसाळ्यात रेंज कमी करते. कंपनी काही करीत नाही. आपलाच ऊस मध्ये उभा असतो. फड तुटला की रेंज परत येते, हेही तुम्ही पाहिले असेल. पण निरोपाची गरज फड उभा असतानाच असते, ही खरी अडचण.

तिसरे कारण टॉवरच्या पाठीमागचे. टॉवर फोनपासून आलेले सारे गोळा करतो, पण ते पुढे न्यायला जमिनीतून काचेची तार, म्हणजे फायबर लागते. शहरात रस्ता उकरला की फायबर मिळते. आपल्याकडे बरेच टॉवर दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून हवेतूनच माल पुढे ढकलतात. मुख्य पाट रुंद आणि चारी अरुंद असेल तर दार कितीही मोठे केले तरी पाणी चारीच्या मापानेच येणार. अशा टॉवरवर ५-जीचा डबा चढविला तरी फोनवर ५-जीची खूण दिसेल, वेग मात्र बेताचाच राहील. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ पासून चालू आहे, तिचेच नाव पुढे भारतनेट झाले. फायबर पंचायतीच्या कपाटापर्यंत आले आणि तिथेच थांबले, अशी गावे आपल्या कार्यक्षेत्रातही आहेत. आणि विजेचे तर बोलायलाच नको. गावची लाइट गेली की टॉवरची बॅटरी जितका वेळ टिकेल तितका वेळ रेंज, पुढे राम राम.

हे सगळे सांगून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. ऊस उत्पादकाला नेमके हवे काय? वेग की पोहोच?

आपल्या कामाचा हिशेब मांडून पाहा. तोडणीचा निरोप म्हणजे शंभर-सव्वाशे अक्षरे. वजनकाट्याची पावती तेवढीच. बिल जमा झाल्याचा निरोप त्याहून लहान. जमिनीतला ओलावा मोजणारे जे यंत्र हल्ली उसात बसवितात ते तासाला चार आकडे पाठविते. दिवसभराचे सगळे मिळून एका फोटोच्या शंभराव्या हिश्शाइतकेही भरत नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मदतीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालविला आहे, त्याची चर्चा आपण सर्वांनी ऐकली आहे. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान केंद्र व जमिनीतले सेन्सर यांवरून पाणी केव्हा द्यावे, खत केव्हा द्यावे हे शेतकऱ्याच्या फोनवर येते. मोठे गणित होते ते दूरच्या संगणकावर. शेतकऱ्याच्या हातात येतो तो छोटा निरोपच. त्याला ५-जी लागत नाही. तो वेळेवर पोहोचावा एवढेच लागते.

हे आपल्याच शेजारी पूर्वी एकदा सिद्ध झाले आहे. वारणानगरला १९९८ साली संगणकाने जोडलेल्या गावांचा प्रकल्प सुरू झाला. वारणा समूह, राज्य सरकार व केंद्राचे राष्ट्रीय सूचना केंद्र यांनी मिळून कोल्हापूर-सांगली भागातील सत्तर गावांसाठी तो आखला. गावात संगणक बसवायचा, शेतकऱ्याने तिथे जाऊन ऊसनोंद, तोडणी, खत, बिल पाहायचे, शिवाय बाजारभाव आणि शेतीची इतर माहितीही मिळवायची. त्या काळी देशभर वाखाणणी झाली. पुढे पाहणीत आढळले की बाकीच्या माहितीसाठी संगणक फारसा कोणी वापरीत नाही. लोक येतात ते उसाच्या कामासाठी. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू येथील संशोधन विभागाने सात गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करून पाहिले. काम झाले, आणि संगणक सांभाळण्याच्या कटकटीतून सुटका झाली. त्या वेळी ३-जीसुद्धा आपल्याकडे नव्हते, हे लक्षात घ्या.

माझे म्हणणे ५-जी नको असे नाही. पेणकरपाड्याच्या त्या मुलाला तो उपयोगी आहेच. गाळ्याचा मालक त्याच्यावर कॅमेरे चालवितो, शेजारच्या खोलीत तार न ओढता घरचे इंटरनेट घेतले आहे. आपल्याकडेही ड्रोनच्या फवारणीला, मुलांच्या शिक्षणाला, दवाखान्याला त्याचा लाभ होईल. पण ऊस तोडणीच्या निरोपासाठी म्हणून कोणी पंधरा-वीस हजारांचा नवा फोन कर्ज काढून घेऊ नये. ज्याच्या मळ्यात ४-जी पोहोचत नाही त्याच्या मळ्यात ५-जीचा फोन नेला तर तोही मुकाच राहणार. आणखी एक ध्यानात ठेवा. जुलै २०२४ मध्ये जिओ व एअरटेलने दर वाढविले तेव्हा ५-जीची अमर्याद सवलत रोज २ जीबी किंवा अधिकच्या पॅकपुरतीच ठेवली. फोनची किंमत एकदाच जाते, पॅक वर्षभर भरावा लागतो.

उलट जुने मोडीत निघताना आपले नुकसान होण्याचा संभव जास्त आहे. एअरटेलने २०२० पर्यंत ३-जी बंद करून ती लहर ४-जीकडे वळविली. जिओच्या यंत्रणेत २-जी मुळातच नाही, त्यामुळे जुन्या बटणाच्या फोनमध्ये ते सिम चालत नाही. विहिरीवरच्या मोटारीला मोबाइलवरून चालू-बंद करणारा जो स्टार्टर आपण लावतो, त्यात अनेक ठिकाणी २-जीचेच सिम आहे. ज्या दिवशी ती पिढी बंद होईल त्या दिवशी हे स्टार्टर पेटीतच राहतील. तेव्हा नवीन स्टार्टर घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारा की यात ४-जी चालते का, आणि तसे पावतीवर लिहून घ्या. हजार-पाचशे जास्त गेले तरी चालतील.

आता एक इशारा. नवे टॉवर येणार म्हटल्यावर फसविणारेही येतात. "तुमच्या गुंठ्यावर ५-जी टॉवर मंजूर झाला, महिना चाळीस हजार भाडे, पन्नास लाख ॲडव्हान्स, फक्त नोंदणी फी भरा" असे फोन व पत्रे आपल्या दोन-तीन गावांत येऊन गेली. पत्रावर अशोकस्तंभ आणि ट्रायचा शिक्का. सभासदांनो, ट्राय किंवा केंद्राचा दूरसंचार विभाग टॉवरसाठी कोणाची जागा घेत नाही, ना हरकत दाखल्याचे पैसे मागत नाही. खुद्द ट्रायने हे वारंवार जाहीर केले आहे. टॉवर कंपनीला जागा हवी असेल तर ती भाडे देते, शेतकऱ्याकडून काही मागत नाही. ज्याने आधी पैसे मागितले तो भामटा समजावा. कोणी पैसे भरले असतील तर लाजू नये. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर तितके पैसे हातचे जातात.

खऱ्या टॉवरला गावातून विरोध होतो, त्याबद्दलही दोन शब्द. किरणांची भीती लोकांना वाटते. भारताने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा २०१२ साली आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली होती. शंका असेल तर मोजणी मागता येते. पण टॉवर गावाबाहेर घालवायचा आणि घरात रेंज नाही म्हणून ओरडायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

ग्रामसभेत मागणी करायचीच तर "५-जी द्या" एवढी मोघम करू नका. आमच्या अमुक वस्तीवर, अमुक मळ्यात कोणत्याही कंपनीची रेंज नाही, अशी गट नंबरासह लेखी यादी द्या. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६ हजार ३१६ कोटींची योजना मंजूर केली, ती रेंज नसलेल्या २४ हजार ६८० गावांना ४-जी देण्यासाठी. गावाच्या नावावर एका कोपऱ्यात रेंज असली की ते गाव असल्या यादीतून सुटण्याची भीती असते, आणि वाड्या-वस्त्या तशाच राहतात. म्हणून वस्तीचे नाव लिहिणे महत्त्वाचे. शिवाय टॉवरला बॅटरीची पुरेशी सोय व पंचायतीतल्या फायबरची जोडणी, या दोन मागण्या त्याच ठरावात घाला.

राहता राहिले आमच्या खात्याचे काम. येत्या लागण नोंदीपासून प्रत्येक प्लॉटला दोन मोबाइल नंबर घेतले जातील. पहिला, जो प्रत्यक्ष फडाजवळ राहतो त्याचा, मग तो बटणाचा फोन का असेना. दुसरा, मुलाचा किंवा नातेवाइकाचा. तो पुण्याला, पेणकरपाड्याला कुठेही असो. तोडणीचा निरोप दोन्ही नंबरांवर, अॅपवर अवलंबून न राहता साध्या एसएमएसने जाईल, आणि एक दिवस नव्हे तर तीन दिवस आधी अंदाज व आदल्या दिवशी पक्का, असा दोनदा जाईल. ज्या वस्त्यांवर मुळीच रेंज नाही त्यांची वेगळी यादी चिटबॉयकडे राहील व तो स्वतः जाऊन निरोप देईल, वहीत सही घेईल. ही वही जुन्या पद्धतीची म्हणून काही जण हसले. हसू द्या.

नोंदीचे अॅप रेंज नसतानाही फडात उघडून माहिती भरता येईल व गट ऑफिसात आल्यावर ती आपोआप चढेल, अशी दुरुस्ती करून घेतली आहे. त्यासाठी सभासदाने फडात हजर राहणे मात्र आवश्यक आहे, कारण प्लॉटची जागा तिथेच टिपली जाते. घरी बसून नोंद केली तर ऊस तुमच्या ओसरीत उगवलेला दिसेल, आणि असे दोन प्लॉट गेल्या वर्षी निघाले होते.

दोन नंबरांचा फॉर्म प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. सोबत सात-बारा आणण्याची गरज नाही, सभासद क्रमांक पुरेसा आहे. ज्यांच्या मळ्यात रेंज नाही त्यांनी फॉर्मच्या मागच्या बाजूस वस्तीचे नाव, गट नंबर आणि कोणत्या कंपनीचा फोन कुठे उभे राहिले की लागतो, हे लिहावे. बांधावरची चिंच, पाण्याची टाकी, जे असेल ते. चिटबॉयलाही तीच खूण उपयोगी पडते.

आपला,
ऊस विकास अधिकारी